खुबा मोडलेल्या आजींना स्पाइनलसाठी चार-चार दिवस थांबवू नका : इंदूरच्या डॉक्टर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
इंदूरमधले हाडांचे सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ आणि नर्सिंग होम चालवणारी सगळी मंडळी

स.न.वि.वि.

मी इंदूरातच भूल देते. कॉल आला की जाते, आज या नर्सिंग होममध्ये तर उद्या त्या, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांबरोबर मी टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभं राहून काम केलंय आणि तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधीच सांगते कारण पुढे जे लिहिणार आहे ते जरा कडक आहे. विषय एकच. म्हातारी माणसं, खुब्याचं मोडलेलं हाड, आणि ऑपरेशनच्या आधी वाया जाणारे दिवस.

आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला नवीन नाही. रामबाग म्हणा, लोकमान्य नगर म्हणा, राजेंद्र नगर म्हणा, आपल्या मराठी घरांमध्ये आता म्हातारे दोघंच राहतात, मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत, आणि ऐंशीच्या पुढच्या आजी पहाटे बाथरूमला जाताना पडतात. पाय आखूड झालेला, बाहेरच्या बाजूला वळलेला, एक्स-रे काढायच्या आधीच कळतं काय झालंय ते. ॲडमिट होतात. पायाला वजन लटकवलं जातं. मग फिजिशियन फिटनेस, मग टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), इकोवाले डॉक्टर उद्या संध्याकाळी येणार, मग कुणाच्या तरी लक्षात येतं की रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे, म्हणून गोळी बंद करून पाच-सात दिवस थांबू म्हणजे स्पाइनल, म्हणजे कमरेत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर करणारी भूल, देता येईल, तेवढ्यात सोडियम जरा कमी आलं, हिमोग्लोबिन 9 आलं, रक्ताची बाटली मागवा, मध्ये रविवार, आणि मुलगा फोनवर म्हणतो मी येईपर्यंत काही करू नका. पाचव्या दिवशी मला फोन येतो की मॅडम, केस फिट आहे, या. मी जाते तेव्हा आजींना पाठीला जखम सुरू झालेली असते, छातीत घरघर असते, आणि त्या मला त्यांची कधीच वारलेली बहीण समजून हाक मारत असतात. कागदावर फिट.

हे कुठल्या एका हॉस्पिटलचं गाऱ्हाणं नाही. कमीअधिक प्रमाणात सगळीकडे हेच बघते, म्हणून खुलं पत्र लिहितेय.

आधी त्या स्पाइनलचं बोलू, कारण निम्मा वेळ तिथेच जातो. नातेवाईक हात जोडून सांगतात, डॉक्टर, कमरेतूनच द्या हो, पूर्ण बेहोश नका करू, या वयात परत शुद्धीवर येतील की नाही. त्यांची भीती मला समजते, पण आपणही ती भीती वर्षानुवर्षं खरी मानून चाललोय. आमच्या शिक्षणात हेच शिकवलं गेलं की म्हातारा पेशंट म्हणजे स्पाइनल, मेंदूला त्रास कमी, भ्रम (डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा डोक्याचा गोंधळ) कमी. मग 2021 मध्ये रिगेन नावाची ट्रायल आली, न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात. अमेरिका आणि कॅनडातली 46 हॉस्पिटलं, खुबा मोडलेले पन्नाशीच्या पुढचे 1600 पेशंट, अर्ध्यांना स्पाइनल आणि अर्ध्यांना जनरल (पूर्ण बेशुद्ध करणारी भूल), चिठ्ठी टाकल्यासारखं वाटून. साठ दिवसांनी बघितलं की किती जण वारले किंवा स्वतःच्या पायाने खोलीभर चालू शकत नाहीत. स्पाइनलमध्ये 18.5 टक्के, जनरलमध्ये 18 टक्के. भ्रम? 20.5 आणि 19.7. म्हणजे काहीच फरक नाही. त्याच सुमाराला चीनमधल्या नऊ हॉस्पिटलांमधून रागा ट्रायल आली, 65 च्या पुढचे 950 पेशंट, तिथेही भ्रम 6.2 आणि 5.1 टक्के, परत फरक नाही.

या निकालांचा अर्थ बरेच जण असा लावतात की चला, काहीही द्या, सारखंच. मला त्यातून वेगळंच दिसतं. जर दोन्ही भुली सारख्या आहेत तर एका विशिष्ट भुलीसाठी पाच दिवस थांबायला कारणच उरत नाही! क्लोपिडोग्रेल चालू आहे, स्पाइनल नको, मान्य, मणक्यात रक्त साकळायची भीती खरी आहे आणि ती भीती मी कधीच हलक्यात घेणार नाही. मग जनरल द्या, सोबत नर्व्ह ब्लॉक (पायाच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) द्या, थोडं जास्त रक्त जाईल ते धरून चाला, पण उद्या सकाळी करा. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या 2020 च्या गाईडलाईनमध्ये हेच आहे. ॲस्पिरिनसाठी तर थांबायचंच नाही. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन असेल तर आल्या आल्या व्हिटॅमिन के, आणि त्याच कामाच्या नवीन गोळ्यांची जात, अ‍ॅपिक्सॅबॅन वगैरे, तिथे किडनी बघून शेवटच्या डोसपासूनचे तास मोजायचे. तास, दिवस नाही.

आता वेळेबद्दल. इथे मला प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगायला हव्यात कारण तुमच्यातले वाचणारे लोक लगेच विचारतील की हिप अटॅकचं काय. तर हिप अटॅक ट्रायल 2020 मध्ये लॅन्सेटमध्ये आली, 17 देश, 2970 पेशंट, त्यात आपल्या भारतातलेही होते. एका गटाला निदान झाल्यापासून सहा तासात टेबलावर घेतलं, दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे, म्हणजे साधारण 24 तासात. तीन महिन्यांनी मृत्यू 9 आणि 10 टक्के, म्हणजे सहा तासांनी जीव वाचतो असं सिद्ध झालं नाही. पण भ्रम कमी झाला, 12 वरून 9 टक्के, पेशंट लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले. मी तुम्हाला सहा तास मागतच नाहीये. पण बघा ना, त्यांचा जो "उशीर" वाला गट होता तो 24 तासांचा होता. आपला चांगलावाला गट त्याच्याहून उशिरा आहे. कॅनडातल्याच ओंटारिओमध्ये 42,230 पेशंटांचा हिशेब 2017 मध्ये छापून आला, त्यात 24 तास ओलांडले की महिन्याभरातले मृत्यू वाढताना दिसले, 5.8 वरून 6.5 टक्के. फरक ऐकायला छोटा वाटतो, पण तो एका दिवसाच्या आसपासच्या उशिराचा आहे, आपण तर चार-पाच दिवसांचं बोलतोय.

आणि फिटनेस. माझ्या फिजिशियन मित्रमैत्रिणींना राग येणार नाही अशी आशा करते. थांबण्यासारखी कारणं असतात, नाही असं कोण म्हणतं, हिमोग्लोबिन 8 च्या खाली, सोडियम 120 च्या खाली किंवा 150 च्या वर, पोटॅशियम 2.8 च्या खाली किंवा 6 च्या वर, साखर हाताबाहेर, फुफ्फुसात पाणी भरेपर्यंत हृदय थकलेलं, ठोके अनियमित आणि 120 च्या वर, न्यूमोनिया होऊन सेप्सिस, असं असेल तर आधी ते सुधारा, आणि तेही त्याच दिवशी जोरात सुधारा, "बघू उद्या" म्हणून नाही. पण ब्रिटनच्या त्याच संघटनेने 2011 पासून लिहून ठेवलंय की नुसती इकोची वाट बघणं हे ऑपरेशन पुढे ढकलायचं योग्य कारण नाही. मला स्टेथोस्कोपने मर्मर ऐकू आली तर मी धरून चालते की झडप अरुंद असू शकते, आर्टरी लाईन (सतत प्रेशर दाखवणारी धमनीतली नळी) टाकते, प्रेशर खाली जाऊ देत नाही, भूल त्याप्रमाणे बदलते. इको झाला तर उत्तमच, मशीन बेडपाशी येतं, दहा मिनिटांचं काम आहे. पण इकोने तारीख का बदलावी?

सोडियम 131 आहे म्हणून थांबवलेली केस मी बघितली आहे. हिमोग्लोबिन साडेआठ आहे म्हणून दोन बाटल्या चढवायला दीड दिवस घालवलेला बघितलाय. फोकस ट्रायल 2011 ची आहे हो, खुब्याचेच 2016 पेशंट, सगळे हृदयरोग असलेले किंवा त्याचा धोका असलेले, ऑपरेशननंतर एका गटाला हिमोग्लोबिन 10 ठेवलं आणि दुसऱ्याला 8 च्या खाली गेलं किंवा त्रास दिसला तरच रक्त दिलं, दोन महिन्यांनी दोघं सारखेच. रक्त क्रॉसमॅच करून हाताशी ठेवा, हरकत नाही, पण त्यासाठी आजींना थांबवू नका.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते, दुखणं. मोडलेल्या खुब्याचं दुखणं निजलेल्या माणसाला कमी वाटतं, पण बेडपॅन द्यायला कूस वळवली की जो आवाज निघतो तो वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. आपण काय देतो? पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक (त्या वयाच्या किडनीला!), ट्रामाडॉल, आणि ट्रामाडॉलने उलट्या आणि गोंधळ. पायाला लटकवलेलं वजन दुखणं कमी करतं हे सिद्ध झालेलं नाही, ते आपण सवयीने लावतो आणि त्याने आजी पलंगाला बांधल्यासारख्या होतात. याला सोपा, स्वस्त, सुरक्षित उपाय आहे तो म्हणजे फॅशिया इलियाका ब्लॉक. जांघेपाशी एक सुई, पातळ केलेलं लोकल औषध भरपूर व्हॉल्युममध्ये, आणि अर्ध्या तासात आजी कूस वळवू देतात. 2020 च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये (कोक्रेन ही अभ्यास तपासून एकत्र मांडणारी संस्था) ट्रायल्स एकत्र करून बघितलं तर ब्लॉक दिलेल्यांना हलताना दुखणं कमी, भ्रम कमी, छातीचं इन्फेक्शन कमी. 2018 मध्ये टोरांटोहून पेंग ब्लॉक आला, तोही छान आहे, सांध्याच्या नसा नेमक्या धरतो, मांडीची ताकद जरा जास्त शिल्लक राहते, पण त्याला सोनोग्राफी लागतेच.

आणि सोनोग्राफीवरच गाडी अडते हे मला माहीत आहे. पीसीपीएनडीटीमुळे (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) मशीनचं रजिस्ट्रेशन, कुठल्या खोलीत ठेवायचं, कोण वापरणार, पोर्टेबल असेल तर अजून कटकट, छोट्या नर्सिंग होमचे मालक म्हणतात मॅडम ती भानगड नको. कायदा ज्या कारणासाठी आला ते कारण अगदी बरोबर आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण फॅशिया इलियाका मशीनशिवायही देता येतो, लोक 1989 पासून देतायत. कमरेच्या पुढच्या टोकाच्या हाडापासून जघनाच्या हाडापर्यंत रेघ कल्पायची, तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग संपतो तिथून एक सेंटिमीटर खाली, बोथट सुई, दोनदा "टक्" जाणवतं, मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं, वजनाप्रमाणे डोस मोजून सावकाश द्यायचं, मॉनिटर लावलेला, इंट्रालिपिड (लोकल औषधाची बाधा झाली तर द्यायचं औषध) हाताशी. शिकलेला भूलतज्ज्ञ तर देऊच शकतो, पण नीट ट्रेनिंग घेतलेला कॅज्युअल्टीचा डॉक्टरही देऊ शकतो, परदेशात तर ट्रेन केलेल्या नर्सेसही देतात. म्हणजे मला ऑपरेशनच्या दिवशी बोलवायच्या ऐवजी आजी आल्या त्याच तासाला बोलवा. मी येईन. रात्री अकरालाही येईन, आणि माझ्यासारखे अजून बरेच जण आहेत ज्यांना फक्त कोणी विचारत नाही.

भ्रमाबद्दल. रात्री आजी उठून बसतात, सलाईन ओढतात, आणि ड्युटीवरचा मुलगा लोराझेपाम किंवा मिडाझोलामचं गुंगीचं इंजेक्शन मारतो आणि गॉजपट्टीने हात रेलिंगला बांधतो. कृपा करून हे बंद करा. बांधल्याने आणि त्या इंजेक्शनने भ्रम वाढतो, पडण्याचा धोका वाढतो, आणि सकाळी त्या इतक्या सुस्त असतात की घास घशात अडकतो. आणि जो भ्रम शांत असतो, म्हणजे आजी नुसत्या छताकडे बघत पडून राहतात, जेवत नाहीत, तो तर आपल्याला दिसतच नाही, उलट सिस्टर म्हणतात पेशंट छान शांत आहे. येल युनिव्हर्सिटीच्या शेरॉन इनोये यांनी 1999 मध्ये सत्तरीच्या पुढच्या 852 पेशंटांवर दाखवलं की नुसतं चष्मा द्या, कानाचं मशीन द्या, पाणी पाजा, रात्री झोपू द्या, दिवसा उठवून बसवा, बोला, एवढ्यानेच भ्रम 15 वरून 9.9 टक्क्यांवर येतो. कुठलंही औषध नाही. आपल्याकडे काय होतं, तर दागिन्यांबरोबर चष्मा आणि कानाचं मशीनही काढून पिशवीत घालून नातेवाईकांकडे देतात, "हरवायला नको" म्हणून. मग बहिऱ्या, न दिसणाऱ्या माणसाला ओटीत नेऊन आपण हिंदीत जोरजोरात विचारतो, माताजी, कहाँ हो आप? आयुष्यभर इंदूरात राहून उत्तम हिंदी बोलणाऱ्या आजीसुद्धा घाबरल्या की मराठीतच उत्तर देतात, आणि ते न कळलेला डॉक्टर लिहून टाकतो, डिसओरिएंटेड. निदान एकदा घरच्या कोणालातरी विचारायला सांगा की आजी, आज वार कोणता.

उपाशी ठेवणं हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, इथे एवढंच की इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसियॉलॉजिस्टच्या 2020 च्या गाईडलाईनप्रमाणे साधं पाणी, साखरपाणी, दूध न घातलेला चहा हे भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध आणि हलकं खाणं सहा तास, तळलेलं आठ तास. आजी हरतालिकेला निर्जळी करत आल्या म्हणून त्यांना आजही रात्री बारापासून कोरडं ठेवायचं आणि दुपारी तीनला केस घ्यायची, आणि ती केस रद्द झाली की परत दुसऱ्या दिवशी तसंच, हे चालणार नाही. कोरड्या पेशंटला स्पाइनल दिलं की प्रेशर कसं कोसळतं ते आम्ही बघतो. त्यावरून भूलतज्ज्ञ सहकाऱ्यांना एक, आपण अजूनही सवयीने तीन मिली हेवी (स्पाइनलचं बुपिवाकेन, म्हणजे 15 मिलिग्रॅम) देतो, ऐंशीच्या पुढे तेवढं लागत नाही, 10 मिलिग्रॅमच्या आत काम होतं, सोबत ब्लॉक असेल तर आरामात होतं. आणि कुशीवर वळवायच्या आधी ब्लॉक द्या, केटामिन-मिडाझोलाम देऊन गुंगीत वळवू नका.

पैशाचं म्हणाल तर 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कव्हर आहे, उत्पन्न कितीही असो. कितीतरी घरांना हे माहीत नाही. कार्ड काढलेलं नसेल तर ते काम आणि परवानगीचे कागद पहिल्या तासात सुरू करा, तिसऱ्या दिवशी नाही. आणि फोनवरच्या मुलाला नुसतं "सिरियस आहे" म्हणू नका, त्याला स्पष्ट सांगा की तू यायची वाट बघण्यात तुझ्या आईचं नुकसान आहे, ऑपरेशन उद्या सकाळी होऊ दे, तू ये तेव्हा ती खुर्चीत बसलेली असेल. ऐकतात हो लोक, नीट सांगितलं तर.

आता माझी मागणी. इंग्लंडने 2007 मध्ये खुबा मोडलेल्या प्रत्येक पेशंटची राष्ट्रीय नोंद सुरू केली, 2010 पासून 36 तासात ऑपरेशन आणि बाकीच्या गोष्टी नीट केल्या तर हॉस्पिटलला जास्त पैसे मिळायला लागले, आणि 2007 ते 2011 मध्ये महिन्याभरातले मृत्यू 10.9 वरून 8.5 टक्क्यांवर आले. त्यासाठी नवीन औषध शोधलं नव्हतं, नोंद ठेवली आणि आकडे सगळ्यांसमोर मांडले. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढत आलेल्या आपल्या शहराला मोजून सुधारणं शिकवायची गरज नाही, घरोघरचा ओला-सुका कचरा आपण मोजू शकतो तर खुब्याचे तासही मोजू शकतो.

मला कल्पना आहे, रिसर्च म्हटलं की इंदूरात लोक दचकतात, 2010 च्या आसपास ड्रग ट्रायलच्या प्रकरणावरून आपलं शहर देशभर गाजलं, इथल्या लोकांची याचिका सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि ती भीती योग्यच होती, त्यातून पुढे नियम कडक झाले, 2019 चे नवीन नियम आले. पण मी जे मागतेय त्यात कुणावर कसलाच प्रयोग नाही. केसपेपरवर चार गोष्टी लिहायच्या. किती वाजता आल्या, ब्लॉक किती वाजता दिला, ऑपरेशन किती वाजता सुरू झालं, आणि पहिल्यांदा उभ्या कधी राहिल्या. महिन्याने एक फोन करून विचारायचं की आहेत ना, चालतायत ना. नाव काढून टाकून हे आकडे एकत्र करू, एथिक्स कमिटीची रीतसर परवानगी घेऊ. मेडिकल कॉलेजमधल्या पीजींना दर वर्षी थीसिससाठी विषय हवा असतो आणि देशभरात आमच्या शाखेत निम्मे विषय स्पाइनलमध्ये हे औषध मिसळलं तर किती मिनिटं वाढतात आणि ते मिसळलं तर किती, यावरच असतात. त्याऐवजी एकाने इंदूरच्या खुब्याच्या तासांवर थीसिस करावी, मी स्वतः आकडे गोळा करायला फिरेन.

ब्लॉक शिकायचा असेल त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांना आणि सिस्टरना मी रविवारी सकाळी येऊन फुकट शिकवायला तयार आहे, दोन-तीन सहकाऱ्यांनीही हो म्हटलंय. कोणाला यातलं काही पटलं नसेल तर तेही सांगा, फोनवर नाही, आपल्या शाखेच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलू, ट्रायल्सचे पेपर मी घेऊन येते. पण तोपर्यंत या आठवड्यात तुमच्याकडे जी पुढची आजी किंवा आजोबा येतील त्यांच्या केसपेपरवर आल्याची वेळ मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच तासात भूलतज्ज्ञाला फोन करा.

आपली,
इंदूरची एक भूलतज्ज्ञ